राजा गेल्यावर आख्खा देश वर्षभर काळे कपडे का घालतो? थायलंडचा दुखवटा, सोप्या भाषेत

ऑक्टोबर २०२५ मध्ये थायलंडच्या राजमाता सिरिकित गेल्या, ९३ वर्षांच्या होत्या, आणि तेव्हापासून माझ्या फोनवर तेच तेच प्रश्न यायला लागले. अगं तुम्ही मागं गेला होतात तेव्हा पण असंच काहीतरी होतं ना, आमचं बुकिंग आहे, काळे कपडे घ्यायचे का, हॉटेलं बंद ठेवतात का, आणि मुळात राजा-राणीचं एवढं काय असतं त्या लोकांना. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एका ओळीत संपतं, हॉटेलं चालू असतात आणि कपडे साधे न्या, भडक नकोत. तिसऱ्याचं उत्तर मात्र फोनवर देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

सिरिकित यांचे पती म्हणजे राजा भूमिबोल. ते १३ ऑक्टोबर २०१६ ला गेले तेव्हा थायलंडनं जो दुखवटा पाळला तो समजला की बाकीचं आपोआप समजतं. आणि तो मी थोडासा का होईना डोळ्यांनी बघितलाय.

नोव्हेंबर २०१६, बँकॉक

त्या वर्षी मे महिन्यात आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, गेले होते. घरात दिवाळी नव्हती. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांना माहितीय, वर्षभर सण नाही, कढई चढत नाही, कंदील लावत नाही, शेजारचे आणि नातेवाईक फराळाचे डबे आणून देतात आणि त्या डब्यांकडे बघून जास्तच वाईट वाटतं. म्हणून नवरा म्हणाला की आईंना घेऊन चार दिवस कुठंतरी जाऊया, तिकिटं ऑगस्टमध्येच काढली होती, आणि निघायच्या पंधरा-वीस दिवस आधी बातमी आली की तिकडचा राजा गेला. टूरवाल्यांचा मेसेज आला, काळे पांढरे किंवा राखाडी कपडे आणा. सासूबाई म्हणाल्या, माझ्याकडे आता तसलेच आहेत.

विमानतळापासूनच सगळं वेगळं होतं. मोठमोठ्या जाहिरातींचे बोर्ड काळे-पांढरे, त्यावर राजाचा फोटो, टीव्हीवर रंग उतरवून टाकलेले, बँकांच्या वेबसाइटसुद्धा करड्या. हॉटेलच्या काउंटरवर एका ताटलीत काळ्या रिबिनी ठेवल्या होत्या, टाचणीसकट, ज्याच्याकडे काळे कपडे नाहीत त्यानं रिबीन लावावी. काळ्या कपड्यांचा बाजारात तुटवडा होता, भाव चढले होते, म्हणून जागोजागी लोक जुने कपडे रंगवून देत होते, बऱ्याच ठिकाणी फुकट. एका गल्लीच्या तोंडाशी गॅसवर मोठ्ठं पातेलं, त्यात काळं पाणी उकळतंय आणि एक मुलगा लाकडी दांड्यानं कपडे ढवळतोय. त्यानं एक शर्ट वर काढला, शर्ट काळा झालेला पण शिलाई गुलाबीच राहिलेली, कारण सुती कापड रंग धरतं पण पॉलिएस्टरचा दोरा धरत नाही. गुलाबीच का, तर राजा हॉस्पिटलमध्ये असताना त्यांना बरं वाटावं म्हणून लोकांनी गुलाबी शर्ट घातले होते, त्यांच्या तब्येतीसाठी तो शुभ रंग मानायचे. सिरिराज हॉस्पिटलबाहेर शेवटच्या दिवसांत गुलाबी कपड्यातली गर्दी प्रार्थना करत बसली होती. आणि आठवड्याभरात तेच शर्ट पातेल्यात.

मला तो शर्ट अजून आठवतो. कारण एवढा मोठा देश, सरकारी फतवे, सगळं बाजूला ठेवलं तरी कुणीतरी घरी आपला गुलाबी शर्ट हातात घेऊन ठरवलं असणार ना, की आता हा काळा करायचा.

आधी हे राजे होते कोण

भूमिबोल अदुल्यदेज. नाव ओळखीचं वाटतंय का बघा, हे आपलं भूमिबल अतुल्यतेज आहे, भूमीचं बळ आणि ज्याची तुलना नाही असं तेज. थाई भाषेत संस्कृत आणि पाली शब्द ठासून भरलेत, फक्त उच्चार त्यांच्या पद्धतीनं वळलेत. या घराण्यातल्या राजांना राम म्हणतात, पहिला राम, दुसरा राम असे, त्यातले हे नववे. जन्म ५ डिसेंबर १९२७, तोही अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावात, कारण वडील तिकडं शिकत होते. गादीवर बसायची शक्यता खरं तर नव्हती, मोठे भाऊ आनंद महिडोल राजे होते, पण ९ जून १९४६ ला ते राजवाड्यात आपल्या खोलीत गोळी लागून मेलेले सापडले आणि त्याच दिवशी हा अठरा वर्षांचा धाकटा भाऊ राजा झाला. तिथून १३ ऑक्टोबर २०१६ पर्यंत. सत्तर वर्षं चार महिने.

आता इथं एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. थायलंडमध्ये राजाची एकहाती सत्ता १९३२ मध्येच संपली होती. त्यानंतर आली घटनात्मक राजेशाही, म्हणजे राजा असतो पण कारभार घटनेप्रमाणे सरकार चालवतं, राजाची सही आणि मान. म्हणजे भूमिबोल गादीवर आले तेव्हा ती गादी पार दुबळी होती. १९५७ नंतरच्या लष्करी सरकारांनी तिला ठरवून परत उजळवलं, राजा-राणीचे दौरे, सोहळे, फोटो, इतकं की १९६० मध्ये देशाचा राष्ट्रीय दिवसच बदलून राजाच्या वाढदिवसाला नेला. लष्कराला लोकांचा पाठिंबा हवा होता आणि राजवाड्याला मान परत हवा होता, दोघांचं जमलं.

पण नुसत्या जाहिरातीवर सत्तर वर्षं निघत नाहीत. हा माणूस खरंच फिरला. गळ्यात कॅमेरा, हातात घड्या घातलेला नकाशा आणि पेन्सिल, असं खेड्यापाड्यांत जाऊन ओढा कुठून येतो, बंधारा कुठं घालता येईल हे लोकांना विचारत बसलेले त्यांचे फोटो घराघरात आहेत. नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब आलेला एक फोटो तर सगळ्यांना पाठ आहे. उत्तरेकडच्या डोंगरात लोक अफू पिकवायचे, तिथं १९६९ पासून फळं भाजीपाला फुलं लावायचा प्रकल्प सुरू केला आणि तो टिकला. कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. सॅक्सोफोन वाजवायचे, स्वतः चाली बांधायचे. राजा म्हणजे चिखलात उतरणारा इंजिनियर, अशी काहीतरी प्रतिमा लोकांच्या मनात बसली, आणि ती पूर्ण खोटी नव्हती.

वर्षभर दुखवटा म्हणजे नक्की काय काय

सरकारनं जाहीर केलं ते असं. एक वर्ष दुखवटा. सरकारी नोकरांनी वर्षभर काळे कपडे. झेंडे तीस दिवस अर्ध्यावर. आणि तीस दिवस करमणुकीचे कार्यक्रम टाळावेत. बाकी दुकानं, रिक्षा, कारखाने, शेअर बाजार सगळं चालू. म्हणजे आपल्याकडे मोठा नेता गेल्यावर शटर खाली ओढतात तसं नव्हतं, देश चालू होता पण आवाज बारीक केलेला.

राजाचा देह राजवाड्यातल्या दुसित महाप्रासादात ठेवला होता. हो, महाप्रासादच, शब्द तोच. पूर्वी राजाचा देह बसलेल्या स्थितीत सोन्याच्या मोठ्या कलशात ठेवायचे, या वेळी देह शवपेटीत होता आणि कलश मानाचा म्हणून वर मांडला होता. ऑक्टोबरच्या शेवटी सामान्य लोकांना दर्शन सुरू झालं आणि ते पुढच्या ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ वर्षभर, चालू राहिलं. सव्वा कोटीपेक्षा जास्त लोक येऊन गेले. देशाची लोकसंख्या सात कोटीच्या आत, त्यामानानं हा आकडा बघा.

आम्ही राजवाडा बघायला गेलो तर समोरच्या सनाम लुआंग मैदानावर ती रांग. आपल्या पंढरीच्या दर्शनबारीसारखी, तंबूंच्या खाली खुर्च्या, लोक गावोगावहून बसनं आलेले, म्हातारी माणसं जास्त. आत गेल्यावर मिळतात काही क्षण, वाकून नमस्कार केला की झालं. रांगेच्या कडेनं स्वयंसेवक पोरं-पोरी, पाणी, भाताची पाकिटं, उन्हानं चक्कर येऊ नये म्हणून नाकाला लावायच्या त्या छोट्या कापूर-पुदिन्याच्या नळ्या, आणि मोटरसायकल टॅक्सीवाले दर्शनाला येणाऱ्यांना फुकट सोडत होते. एका मुलीनं सासूबाईंच्या हातात भाताचं पाकीट ठेवलं. त्या म्हणाल्या, आपण थोडेच रांगेत आहोत, परत दे. पण ती पोरगी हात जोडून उभी, घ्याच म्हणून. सासूबाईंनी ते घेतलं, कडेला कठड्यावर बसून दोन घास खाल्ले आणि मला म्हणाल्या, अगं हे तेराव्याचं जेवण आहे, नाही म्हणू नये.

त्या एका वाक्यानं मला जेवढं कळलं तेवढं नंतर वाचून पण कळलं नाही. दुखवटा हा घरातलाच प्रकार आहे, फक्त घर सात कोटींचं. आपल्या घरात पण बघा, माणूस गेल्यावर दहा दिवस तेरा दिवस वर्ष हे जे टप्पे असतात ते कशासाठी असतात? दुःख आपलं आपण कमी होत नाही, त्याला दिवस ठरवून द्यावे लागतात, इतके दिवस हे करायचं नाही, मग हे सुरू करायचं, मग वर्षश्राद्ध, मग सण परत. थायलंडचे तीस दिवस आणि एक वर्ष तेच काम करत होते.

पुण्याई

थाई लोकांचा एक शब्द आहे बारमी. हा पालीतल्या पारमीवरून आलाय आणि त्याला मराठीत अगदी चपखल शब्द आहे, पुण्याई. अनेक जन्मांच्या चांगल्या कर्मांनी साठत जाणारं बळ, जे त्या माणसापुरतं राहत नाही, त्याच्या आसपासच्यांना पण लागतं. आपण म्हणतो ना, घरात म्हातारा माणूस होता तोवर त्याच्या पुण्याईवर सगळं चाललं, तो गेला आणि भावाभावांत वाटण्या झाल्या. म्हातारा काही करत नव्हता, खाटेवर पडून असायचा, पण होता.

राजाबद्दल त्यांची समजूत अशीच आहे. राज्याभिषेकाच्या वेळी, मे १९५० मध्ये, भूमिबोल यांनी शपथ घेतली होती की सयामी जनतेच्या हितासुखासाठी मी धर्मानं राज्य करीन. सयाम हे थायलंडचंच जुनं नाव. हा धर्म म्हणजे रिलिजन नाही, नीतीनं वागणं. बौद्ध परंपरेतला धम्मराजा. आणि त्याच्यावर चढलेला हिंदू थर पण आहे, राजा म्हणजे देवाचा अंश, दरबारात आजही ब्राह्मण पुरोहित आहेत. एकाच वेळी लोकांचा बाप, साधू आणि देव. ५ डिसेंबर हा त्यांचा वाढदिवस थायलंडमध्ये फादर्स डे असतो आणि राणीचा १२ ऑगस्ट मदर्स डे. शाळेत असल्यापासून हे शिकत आलेल्या माणसाला बातमी येते की राजा गेला, तेव्हा त्याच्या कानाला ती कशी ऐकू येत असेल विचार करा.

पण कधी न भेटलेल्या माणसासाठी एवढं रडू येतं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त जण विचारतात आणि थोडा हिणवून विचारतात. मला तो हिणवण्यासारखा वाटत नाही.

सत्तर वर्षं म्हणजे सत्तरीच्या आतल्या कुठल्याही थाई माणसानं दुसरा राजा बघितलेलाच नव्हता. नोटेवर तोच, नाण्यावर तोच, दुकानात कॅलेंडरवर तोच, थेटरात सिनेमाआधी उभं राहायचं ते त्याच्याच मानाचं गीत. आजोबांनी लावलेला त्याचा फोटो, त्याखाली आजोबांचा स्वतःचा फोटो. तो तरुण होता तेव्हा आई तरुण होती, तो हॉस्पिटलला गेला तेव्हा आई पण हॉस्पिटलला होती. या काळात पंतप्रधान किती आले आणि गेले, घटना किती वेळा नव्यानं लिहिल्या, लष्कराची बंडं कितीतरी झाली, शेवटचं तर २०१४ मध्ये, आणि एवढ्या सगळ्या उलथापालथीत एकच गोष्ट जागेवर होती. ती हलली की माणूस आपलंच आयुष्य मोजायला लागतो.

तिथं त्या दिवसांत एक वाक्य सगळीकडे होतं, शर्टवर, फोनवर, भिंतीवर, मी नवव्या राज्यकालात जन्मलो. थाई शब्द रत्चकान, आपलाच राज्यकाल. बघा, वाक्य राजाबद्दल नाहीये. मी जन्मलो, असं आहे. लोक राजासाठी रडतच होते पण त्याच्या निमित्तानं आपापली गेलेली माणसं, गेलेलं बालपण, सगळं बाहेर येत होतं. आपल्याकडे लतादीदी गेल्या फेब्रुवारी २०२२ मध्ये तेव्हा किती घरांत असंच झालं, त्यांना भेटलेलं कोण होतं आपल्यापैकी? माझी आई दिवसभर रेडिओपाशी बसून होती आणि बोलत होती ती स्वतःच्या वडिलांबद्दल.

मग तोवर राज्य कोण करत होतं?

ब्रिटनमध्ये राणी गेली त्या क्षणाला मुलगा राजा, मध्ये फट नाही. थायलंडमध्ये २०१६ ला फट पडली. युवराज वजिरालोंगकोर्न १९७२ पासून वारस ठरलेले होते, पण त्यांनी सांगितलं की मला आधी लोकांबरोबर शोक करू द्या, लगेच गादीवर बसत नाही. मग रीजंट नेमला, म्हणजे राजाची जागा तात्पुरती सांभाळणारा, प्रेम तिनसुलानोन, माजी पंतप्रधान, वय ९६. दीड महिन्यानं, १ डिसेंबरला, युवराजांनी गादी स्वीकारली आणि कागदोपत्री ती १३ ऑक्टोबरपासूनच धरली गेली. म्हणजे मागे वळून बघितलं तर फट नव्हतीच, असं. राज्याभिषेक मात्र २०१९ च्या मे महिन्यात.

हे सांगायचं कारण, दुखवट्याचं एक काम भावनेचं असतं आणि दुसरं कारभाराचं. किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात जाईपर्यंत घर शांत ठेवायचं असतं. मुलगा बापाइतका लोकप्रिय नव्हता हे सगळ्यांना ठाऊक होतं, सरकार लष्करी बंडातून आलेलं होतं, प्रयुत चान-ओचा पंतप्रधान होते, निवडणूक लांबत होती. अशा वेळी वर्षभर सगळ्यांनी आवाज बारीक ठेवणं हे सरकारच्या किती सोयीचं होतं ते वेगळं सांगायला नको. सोयीचं होतं म्हणून दुःख खोटं ठरत नाही. पण सोयीचं होतं हे पण सांगितलं पाहिजे.

म्हणजे हे सगळं भीतीपोटी होतं का?

थोडं होतं. हे झाकून लिहिलं तर लेख लिहिण्यात अर्थ नाही.

थायलंडच्या दंडसंहितेत कलम ११२ आहे, राजनिंदेचा कायदा. राजा, राणी, युवराज किंवा रीजंट यांचा अपमान केला तर तीन ते पंधरा वर्षं तुरुंग, आणि ही शिक्षा प्रत्येक गुन्ह्यामागे, म्हणजे पाच पोस्ट केल्या तर पाच वेळा. तक्रार कोणीही करू शकतं. आणि अपमान म्हणजे काय हे इतकं ढगळ आहे की लोक सावध राहूनच बोलतात. २०१६ च्याच डिसेंबरमध्ये एका विद्यार्थी कार्यकर्त्याला नव्या राजावरचा बीबीसीच्या थाई सेवेचा लेख फेसबुकवर शेअर केला म्हणून अटक झाली आणि पुढं अडीच वर्षांची शिक्षा. लेख शेअर हजारो लोकांनी केला होता.

शिवाय कायद्याच्या पलीकडचं म्हणजे जमाव. राजा गेल्यावर पहिल्याच आठवड्यात राजाचा अपमान केला म्हणून फुकेतमध्ये एका दुकानाबाहेर चिडलेले लोक जमले, आणि सामुई बेटावर एका बाईला पोलीस चौकीबाहेर राजाच्या फोटोसमोर गुडघे टेकून माफी मागायला लावली, गर्दी ओरडतेय आणि ती खाली वाकलीय. काळे कपडे घातले नाहीत म्हणून लोक एकमेकांना इंटरनेटवर झोडपत होते, शेवटी सरकारलाच सांगावं लागलं की गरिबाकडे काळे कपडे नसतील, त्याला बोलू नका. ज्या रिबिनी मला हॉटेलात मायेच्या वाटल्या त्या एखाद्याला ढालीसारख्या पण वाटल्या असतील. रिबीन लावली की प्रश्न नाही.

आणि राजाबद्दल कडू आठवणी असलेले लोक पण होते. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये बँकॉकच्या थम्मासात विद्यापीठात पोलीस आणि उजव्या जमावानं विद्यार्थी मारले, ते विद्यापीठ सनाम लुआंगच्या शेजारीच आहे, जिथं ती दर्शनाची रांग होती. त्या विद्यार्थ्यांच्या आईबापांना २०१६ मध्ये काय वाटलं असेल ते तिथं मोकळेपणानं लिहिता येत नाही. उलट १९९२ च्या मे महिन्यात सैन्यानं रस्त्यावर गोळ्या झाडल्या तेव्हा याच राजानं पंतप्रधान सुचिंदा आणि आंदोलनाचे नेते चामलोंग दोघांना बोलावून समोर गुडघ्यावर बसवलं, टीव्हीवर सगळ्या देशानं बघितलं, रक्तपात थांबला आणि थोड्याच दिवसांत पंतप्रधानांनी राजीनामा दिला. दोन्ही प्रसंग एकाच राजवटीतले.

माझं मत विचाराल तर, खरं दुःख किती आणि भीती किती अशी टक्केवारी काढायला जाऊच नये, एकाच माणसात दोन्ही असू शकतं. पण ज्या देशात न रडण्याची मोकळीक नाही तिथं मनापासून रडणाऱ्याचं पण नुकसान होतं, कारण त्याच्या अश्रूंवर बाहेरचा माणूस कायम संशय घेणार. कलम ११२ नं राजाचा मान किती राखला माहीत नाही, त्या पातेल्याजवळच्या मुलाचं दुःख मात्र त्यानं संशयास्पद करून ठेवलं. याचा मला राग येतो.

एका चितेवर तीन अब्ज बाट?

अंत्यसंस्कार २६ ऑक्टोबर २०१७ ला झाले, वर्षभरानं. सरकारनं त्यासाठी तीन अब्ज बाट, बाट म्हणजे तिकडचं चलन, बाजूला काढले होते. गरीब शेतकऱ्यांच्या देशात हे शोभतं का, हा प्रश्न योग्यच आहे.

हा पैसा कशात गेला ते तरी बघूया. सनाम लुआंगवर पन्नास मीटर उंचीचं, सोनेरी, नऊ शिखरांचं दहनस्थळ उभं केलं. त्याला थाईमध्ये मेरू म्हणतात, आपला मेरू पर्वत, विश्वाच्या मधोमध असलेला. राजा म्हणजे मेरूवरून खाली आलेला देव, तो परत तिकडं निघाला, अशी कल्पना. भोवती गरुड, हिमवंत या पुराणातल्या जंगलातले पशू, पाण्याची कुंडं, आणि त्या सगळ्या देवादिकांच्यात राजाच्या लाडक्या तोंगडेंग कुत्रीचा पण पुतळा, जी मुळात रस्त्यावरच्या कुत्रीचं पिल्लू होती. चंदनाचं लाकूड खास जंगलातून आणलेलं. मानाचा कलश नेला तो रथ १७९५ सालचा, तेरा टनांच्या वर वजन, दोनशेच्या वर माणसं दोर ओढतात. वर्षभर सुतार, कासार, कोरीवकाम करणारे, जरीकाम करणारे कारागीर यात गुंतले होते, आणि हे काम असं आहे की राजघराण्यातलं कुणी गेल्याशिवाय ते कुणी करायलाच सांगत नाही, मधल्या काळात हात विसरतात.

आणि मग हे सगळं मोडलं. वर्ष संपेपर्यंत लोकांना बघायला ठेवलं आणि नंतर उतरवून टाकलं. गणपतीच्या मंडपावर इतका खर्च का हे आपण दरवर्षी एकमेकांना विचारतो आणि विसर्जनाला डोळे पुसतो, तसंच काहीतरी. मला विचाराल तर खर्च जास्तच होता. पण बाहेरून हिशोब लावणाऱ्यानं हे पण धरावं की मैदानात जाऊ न शकणाऱ्यांसाठी प्रांताप्रांतात छोट्या प्रतिकृती उभारल्या होत्या आणि तिथं लोकांनी स्वतःच्या हातानं बनवलेली फुलं वाहिली. दोकमाय चान म्हणतात त्यांना, चंदनाची फुलं, खरं तर लाकडाच्या किंवा मक्याच्या सालीच्या पातळ पापुद्र्यांची. महिनोन् महिने शाळांत, तुरुंगांत, ऑफिसांत बसून लोकांनी ती वळली. याला बाट लागत नाहीत फारसे.

पुढच्या राजाला पण असंच होईल का?

नाही होणार, माझा अंदाज. पुण्याई वारशानं मिळत नाही, हे थाई लोक आपल्यापेक्षा चांगलं जाणतात. २०२० मध्ये तरुण पोरांनी रस्त्यावर येऊन राजेशाहीत सुधारणा करा असं उघड म्हटलं, जे २०१६ मध्ये कुणी स्वप्नात पण बोललं नसतं. त्यातले कितीतरी जण कलम ११२ खाली अडकले. आणि तीच पोरं २०१६ मध्ये शाळेच्या गणवेशावर काळी रिबीन लावून उभी असणार, वयाचा हिशोब केला तर. सिरिकित यांच्या वेळी पण लोक रडले, काळे कपडे घातले, पण तो नवव्या राज्यकालाचा उरलेला शेवट होता असं मला वाटलं.

आम्ही ८ नोव्हेंबरला सकाळी मुंबईत उतरलो आणि त्याच रात्री नोटाबंदी झाली, म्हणून मग ट्रिपबद्दल बोलायला कुणाला सवडच नव्हती. दोन दिवसांनी पंतप्रधान जपानला जाताना बँकॉकला थांबून राजाच्या देहाला वंदन करून गेले, ते टीव्हीवर बघताना सासूबाई म्हणाल्या, आपण तिथंच उभे होतो बघ.

पुढच्या वर्षी अण्णांचं वर्षश्राद्ध झालं, दिवाळी परत आली, १९ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होतं. सासूबाईंनी दीड वर्षात पहिल्यांदा दाराला झेंडूचं तोरण स्वतः ओवलं. आठवड्यानं, २६ तारखेला, आम्ही दोघी फोनवर बँकॉकची ती अंत्ययात्रा बघत होतो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसता झेंडू. भूमिबोल सोमवारी जन्मले, सोमवारचा रंग तिकडं पिवळा, म्हणून गावोगाव लोकांनी झेंडूची रोपं आधीपासून लावून ठेवली होती, बरोब्बर ऑक्टोबरच्या शेवटी फुलतील अशा बेतानं. सासूबाईंनी फोन जवळ धरून बघितलं आणि विचारलं, हा आपलाच झेंडू आहे ना? मग उठून दारावरचं सुकलेलं तोरण काढलं, बोंडं कुस्करली आणि गॅलरीतल्या कुंडीत टाकली.